सीओटू लेझरनंतरची पिशवी: कोणती ट्यूब उपयोगाची, कोणती दुकानातच राहू द्यावी

लेझर करून बाहेर पडताना चेहऱ्याची आग होत असते आणि हातात औषधांची पिशवी असते. पिशवीत साधारण हे निघतं: एक फेसवॉश, एक ‘हीलिंग’ क्रीम, एक अँटिबायोटिक मलम, पाण्याचा स्प्रे, सनस्क्रीन, एखादं सिरम आणि कधीकधी डाग घालवायची ट्यूब. हे परीक्षण त्या पिशवीचं आहे. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी चेहऱ्यावर फ्रॅक्शनल सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर झालं आहे आणि त्वचा गव्हाळ ते सावळी आहे, असं धरून एकेक वस्तू तपासली आहे.

निकाल आधीच सांगतो. पहिल्या पाच-सहा दिवसांत खरोखर लागणाऱ्या वस्तू कोणत्याही मेडिकलमध्ये मिळतात आणि स्वस्त असतात: सलाइन, गॉझ आणि साधी पांढरी पेट्रोलियम जेली. पैसे खर्च करायचेच असतील तर ते रंगीत सनस्क्रीनवर करावेत, आणि नेमकं तेच बहुतेक पिशव्यांत नसतं. आपल्या त्वचेत जखम भरायला फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती भरल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, चेहरा काळवंडतो तेव्हा.

त्वचेवर नेमकं काय झालेलं असतं हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. सीओटू लेझरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. हा प्रकाश पाणी शोषून घेतं, त्वचेच्या पेशींमध्ये पाणी भरपूर, म्हणून जिथे किरण पडतो तिथली पेशी क्षणात वाफ होऊन जाते. (हा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी तयार केला. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याच्या कॉलेजमधलं.) फ्रॅक्शनल पद्धतीत सगळी त्वचा एकदम न जाळता चाळणीसारखी बारीक छिद्रं पाडली जातात आणि मधली त्वचा शाबूत राहते. त्या शाबूत त्वचेतून पेशी सरकत येऊन छिद्रं बुजवतात. म्हणून वरचा थर ३ ते ६ दिवसांत भरतो. जुन्या पद्धतीने पूर्ण चेहरा सोलून काढला तर त्यालाच आठवडा ते दोन आठवडे लागायचे आणि लाली महिनोन्‌महिने टिकायची.

पेशी सरकायला ओल लागते. कोरडी खपली धरली की त्यांना खपलीच्या खालून वाट काढावी लागते आणि वेळ वाढतो. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या जखमांवर हे दाखवून दिलं: झाकून ओली ठेवलेली जखम उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने भरली. ‘जखम मोकळी ठेवा, हवा लागू द्या, खपली धरू द्या’ हा घरोघरी मिळणारा सल्ला इथे सरळ नुकसान करतो.

सलाइन आणि गॉझ: घ्याच. नॉर्मल सलाइन म्हणजे ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी. १०० मिलीच्या पाच-सहा बाटल्या आणि निर्जंतुक गॉझची पाकिटं घ्यावीत. अर्धा लिटरची बाटली स्वस्त पडते, पण एकदा फोडलेली बाटली २४ तासांनंतर वापरायची नाही, त्यामुळे निम्मी फेकावी लागते. सलाइन मिळालंच नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे लहान चमच्याने सपाट दीड चमच्याच्या आसपास. बोअरचं किंवा टाकीचं न उकळलेलं पाणी पहिले पाच दिवस चेहऱ्याला लावू नये.

कृती अशी. हात साबणाने धुवायचे. गॉझ सलाइनमध्ये चिंब भिजवून चेहऱ्यावर अंथरायचा, ५ ते १० मिनिटं ठेवायचा, सुकायला लागला की वरून पुन्हा सलाइन सोडायचं. मग गॉझ उचलताना जी लस (जखमेतून पाझरणारं पाणी) आणि मऊ झालेला मळ सहज निघेल तेवढाच काढायचा. जे निघत नाही ते ओढायचं नाही. चेहरा किंचित ओला असतानाच जेली लावायची. पहिले दोन दिवस जागेपणी दर चार तासांनी, तिसऱ्या दिवसापासून दिवसातून तीनदा. चुकतं कुठे? लोक गॉझने पुसतात. पुसणं म्हणजे घासणं, आणि भरत आलेला थर त्याबरोबर निघून जातो. कापसाचे बोळे तर वापरूच नयेत, तंतू लसेत चिकटून बसतात.

साधी पेट्रोलियम जेली: यादीतली सगळ्यात चांगली वस्तू. व्हॅसलीनची मूळ, बिनवासाची जेली किंवा मेडिकलमध्ये मिळणारं व्हाइट सॉफ्ट पॅराफिन, दोन्ही चालतात. पाणी उडू न देण्यात याच्या तोडीचं दुसरं काही नाही. यात ॲलर्जी येण्याजोगं जवळपास काहीच नसतं आणि उघड्या जखमेवर झोंबत नाही. त्याच कपाटात शेजारी कोरफडीची, कोको बटरची, सुवासिक जेली ठेवलेली असते, ती नको. डबीवरचे घटक वाचा. एकच नाव असेल तर घ्या.

नवी ५० ग्रॅमची डबी किंवा ट्यूब एका वेळेला पुरते. घरातली जुनी, सगळ्यांची बोटं फिरलेली डबी वापरू नये. डबी असेल तर स्वच्छ चमच्याने काढून घ्यावी. प्रमाण: प्रत्येक गालाला, कपाळाला आणि हनुवटीला वाटाण्याएवढी. त्वचा चकाकली पाहिजे, पांढरा थर दिसता कामा नये. जास्त जाड थर दिला तर चौथ्या-पाचव्या दिवशी बारीक पुळ्या येतात आणि पुढे डोळ्यांखाली पांढरे, कडक, मोहरीएवढे दाणे उठतात. ज्यांना अजून मुरुम येत असतात त्यांना हा त्रास लवकर होतो. जेली किती दिवस? त्वचेतून लस येणं थांबेपर्यंत आणि खरखरीत पापुद्रे सुटायला लागेपर्यंत, म्हणजे फ्रॅक्शनलमध्ये साधारण ३ ते ५ दिवस. त्यानंतरही पंधरा दिवस चोपडत राहण्यात काहीच फायदा नाही. पुण्या-मुंबईच्या दमट हवेत तर नक्कीच नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना तिथले डॉक्टर बऱ्याचदा ॲक्वाफोर नावाचं मलम सांगतात. त्यात ४१ टक्के पेट्रोलॅटम, म्हणजे पेट्रोलियम जेलीच असते, सोबत ग्लिसरीन, पॅन्थेनॉल आणि लॅनोलिनपासून (लोकरीतल्या मेणापासून) काढलेला एक घटक. पोत छान, पसरतं पटकन. लॅनोलिनच्या ॲलर्जीचा इतिहास असेल तर मात्र साध्या जेलीवरच राहावं.

सिकाप्लास्ट बाम बी५ आणि त्या जातीची ‘सिका’ क्रीम्स: चांगली, पण दुसऱ्या टप्प्यात. ला रोश-पोझेच्या या बाममध्ये ५ टक्के पॅन्थेनॉल, मॅडेकासोसाइड, शिया बटर असतं. लाली आणि ओढल्यासारखं वाटणं याने खरंच कमी होतं. पिशवीत ही ट्यूब असली की पहिल्याच रात्री लावली जाते, तिथेच गल्लत होते. उघड्या छिद्रांवर कोणतंही क्रीम जेलीपेक्षा जास्त झोंबतं, कारण क्रीममध्ये पाणी, पाणी म्हटलं की परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह). पाचव्या-सहाव्या दिवशी जेली थांबवली की मग ही ट्यूब उघडावी आणि दोन आठवडे दिवसातून दोनदा वापरावी. परवडत नसेल तर साधं, बिनवासाचं, ग्लिसरीनचं कोणतंही मॉइश्चरायझर हे काम बहुतांशी करतं.

फेसवॉश: सहाव्या दिवसापर्यंत नको. त्यानंतर सिटाफिल जेंटलसारखा फेस न करणारा क्लेन्झर, बोटांनी, कोमट पाण्याने. चारकोल, नीम, सॅलिसिलिक, स्क्रब असलेलं सगळं चार आठवडे कपाटात.

थर्मल पाण्याचा स्प्रे: सोडून द्या. गार वाटतं, बास. फवारून तसंच सोडलं तर पाणी उडताना त्वचा आणखी कोरडी होते. त्या किमतीत सलाइनच्या कितीतरी बाटल्या येतात. पहिल्या दिवशी आग शमवायला जेल पॅक स्वच्छ सुती रुमालात गुंडाळून १० मिनिटं लावायचा, १० मिनिटं थांबायचं, असं करत राहायचं. बर्फ थेट लावला तर त्यानेही इजा होते. आग पहिले काही तास असते आणि रात्रीपर्यंत बरीच उतरते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, विशेषतः सकाळी डोळ्यांभोवती. दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपावं.

अँटिबायोटिक मलम: डॉक्टरांनी कारण सांगितलं तरच. या ट्यूबबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण ती जवळपास प्रत्येक घरात असते. निओस्पोरिनमध्ये निओमायसिन, पॉलिमिक्सिन बी आणि बॅसिट्रासिन असतं. सोफ्रामायसिनमध्ये फ्रामायसेटिन, आणि ते निओमायसिनच्याच कुळातलं. या दोन्ही-तिन्ही औषधांची त्वचेला ॲलर्जी होणं मुळीच विरळ नाही. कापलेल्या बोटावर लावलं तर ॲलर्जी बोटापुरती राहते, हजारो छिद्रं पाडलेल्या चेहऱ्यावर लावलं तर पूर्ण चेहरा खाजतो, सुजतो, लाल होतो. ते पाहून घरच्यांना वाटतं की जंतुसंसर्ग झाला, म्हणून आणखी मलम लावलं जातं. मग ती सूज ओसरताना मागे काळा डाग ठेवून जाते. नीट धुतलेल्या आणि जेलीने झाकलेल्या त्वचेला प्रतिबंध म्हणून हे मलम लागत नाही. भाजल्यावर लावायचं सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं क्रीमही नको: त्याने थर भरायला उलट उशीर होऊ शकतो, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना तर धोकाच. बेटाडिन नव्या पेशींना झोंबतं. बोरोलिनमध्ये बोरिक ॲसिड, लॅनोलिन आणि सुवास असतो. थंडीत फुटलेल्या ओठांना ते चालत असेल, इथे नको. हळद, कोरफडीचा ताजा गर, मध, खोबरेल, गुलाबपाणी यांचंही तेच. पानातून काढलेला गर निर्जंतुक नसतो, आणि ‘नैसर्गिक’ म्हणून ॲलर्जी थांबत नाही.

काही जणांच्या पिशवीत एक गोळी मात्र हवी, आणि त्यासाठी डॉक्टरांना आधीच सांगावं लागतं: ओठांच्या कडेला ताप आल्यावर किंवा उन्हातून आल्यावर पाणीदार फोडांचा पुंजका येण्याची सवय आहे का. हा हर्पिसचा विषाणू. लेझरनंतर तो जागा झाला तर पूर्ण चेहऱ्यावर पसरू शकतो आणि खड्डे ठेवून जातो. त्यासाठी डॉक्टर व्हॅलासायक्लोव्हिर किंवा ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या लेझरच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सुरू करतात आणि थर भरेपर्यंत, साधारण आठवडाभर, चालू ठेवतात. पूर्ण चेहऱ्याचं लेझर असेल तर इतिहास नसतानाही बरेच डॉक्टर देतात. हा प्रश्न विचारलाच गेला नसेल तर आपणहून काढावा.

बिघडलंय हे ओळखायचं कसं? साधा नियम: दुसऱ्या दिवसानंतर दुखणं रोज कमी होत गेलं पाहिजे. तिसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, पिवळी मधासारखी खपली धरली, तर जिवाणू. हिरवट ओल आणि गोडसर घाण वास आला तर त्यातलाच चिवट प्रकार. एकाच जागी टाचणीच्या टोकाएवढ्या, एकसारख्या, ठणकणाऱ्या जखमांचा पुंजका दिसला तर हर्पिस. दुखण्यापेक्षा खाज जास्त आणि लालीच्या कडेला बारीक पांढऱ्या पुळ्या असतील तर बुरशी किंवा नुकतंच लावलेलं एखादं मलम. या सगळ्यांवरचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून फोटो पाठवून वाट बघत बसू नये, त्याच दिवशी जाऊन दाखवावं. ताप आला तर रात्रीसुद्धा.

तिसऱ्या दिवसाच्या आसपास चेहऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची जाळी दिसते आणि हात फिरवला तर सँडपेपरसारखी लागते. इथे बरेच जण घाबरतात. ते डाग नव्हेत, छिद्रांतून बाहेर ढकलला जाणारा मेलेला भाग आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी आपोआप झडतो. नखाने काढलं किंवा दाढीच्या ब्लेडने खरवडलं, तर मात्र खरे डाग मिळतात. पुरुषांनी पापुद्रे पूर्ण गळेपर्यंत, म्हणजे सात-दहा दिवस, दाढी करू नये. त्यानंतरही आधी ट्रिमर, मग ब्लेड. आयब्रो दोन-तीन आठवड्यांनी. टिकलीचा गोंद कपाळावर पहिले दोन आठवडे नको.

आता ज्या वस्तूसाठी हे सगळं लिहिलं ती.

रंगीत सनस्क्रीन: पिशवीत नसेल तर स्वतः विकत घ्या. थर भरला की नवी त्वचा गुलाबी, गुळगुळीत दिसते. सगळे म्हणतात छान झालं, आणि काळजी तिथेच सुटते. खरं तर रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी अजून चवताळलेल्या असतात. आतली जळजळ पुढचे सहा ते आठ आठवडे चालू असते, त्यावर ऊन पडलं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात करडा-तपकिरी पट्टा उमटतो, बहुधा गालांच्या उंचवट्यावर आणि कपाळावर. तो बरा होतो, पण महिने लागतात.

साधं एसपीएफ ५० अतिनील किरण अडवतं. सावळ्या त्वचेला दिसणारा प्रकाशही, विशेषतः निळा, काळा करतो आणि पांढरं किंवा पारदर्शक सनस्क्रीन तो जवळपास अडवतच नाही. तो अडवतं आयर्न ऑक्साइड, ज्यामुळे सनस्क्रीनला मातकट रंग येतो. म्हणून घटकांच्या यादीत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड आणि त्यासोबत आयर्न ऑक्साइड, ही जोडी शोधायची. निव्वळ रासायनिक फिल्टरची जेलं पहिल्या महिन्यात झोंबतात, ती नंतर. रंगीत सनस्क्रीनची एक खरी अडचण आहे: बाजारातल्या बऱ्याच छटा गोऱ्या कातडीसाठी बनवलेल्या आहेत, आपल्या चेहऱ्यावर राखेसारख्या दिसतात. दुकानात जबड्याच्या कडेला लावून, बाहेर उजेडात येऊन बघा. छटा जुळत नसेल तर झिंकचं सनस्क्रीन खाली आणि वर आयर्न ऑक्साइडची कॉम्पॅक्ट पावडर, हा जोड चांगला काम करतो, फक्त पावडरचा पफ नवा घ्या.

सुरुवात लस पूर्ण थांबल्यावर, सहसा सहाव्या-सातव्या दिवशी. त्याआधी उघड्या छिद्रांवर सनस्क्रीन नाहीच, घरात थांबणं हाच उपाय. प्रमाण तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पूर्ण लांबीच्या दोन रेघा, चेहरा आणि गळ्याला. बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी. हिशेब सोपा आहे: दिवसातून तीनदा असं लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब अडीच आठवड्यांत संपते. तुमची ट्यूब दोन महिने पुरली असेल तर चेहरा उघडाच होता.

पुण्यात तोंडाला स्कार्फ गुंडाळून गाडी चालवायची रीत आहे. पहिला आठवडा स्कार्फ घासतो आणि जेलीला चिकटतो, म्हणून दुचाकीच नको. हेल्मेटचं घामट अस्तर आणि हनुवटीचा पट्टाही तसाच. दुसऱ्या आठवड्यापासून धुतलेला, मऊ सुती, सैल स्कार्फ चालेल, पण सनस्क्रीनच्या वर, सनस्क्रीनऐवजी नव्हे. पावसाळी ढगांतूनही अतिनील किरण येतात. स्वयंपाकघरातली उष्णता लाली लांबवते, कुकरच्या वाफेवर आणि तव्यावर वाकून उभं राहणं दोन आठवडे टाळावं. महाराष्ट्रात लेझरसाठी नोव्हेंबर ते जानेवारीची सुरुवात बरी. मार्चनंतर, त्यातही विदर्भ-मराठवाड्यात, फार कडक उन्हात काम असेल तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबलेलं चांगलं. लग्न ठरलं असेल तर शेवटचं सेशन आणि हळदीचा दिवस यात किमान तीन महिने ठेवा.

डाग घालवायची ट्यूब: परत करा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असं त्रिकूट एकाच ट्यूबमध्ये असतं आणि काही ठिकाणी ते दहाव्या दिवसापासून लावायला दिलं जातं. नाजूक त्वचेवर ट्रेटिनॉइन जळजळ करतं, जळजळीने डाग गडद होतो. त्यातल्या स्टेरॉइडची सवय लागली की सोडताना चेहरा पेटतो. बेटनोव्हेटसारखं नुसतं स्टेरॉइड घरच्या घरी लावणं तर आणखी वाईट. डाग उमटलाच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, त्वचा पूर्ण शांत झाल्यावर, ॲझेलेइक ॲसिडसारख्या सौम्य औषधाने सुरुवात होऊ शकते. रेटिनॉल, ग्लायकोलिक, व्हिटॅमिन सी ही सगळी सिरमं चार आठवड्यांआधी नकोत. स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या पीआरपीने (प्लेटलेट जास्त असलेल्या द्रवाने) लाली लवकर उतरते असं काही छोट्या चाचण्यांत दिसलं आहे. खर्च झेपत असेल तर हरकत नाही, पण ते रंगीत सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही.

सेवेबद्दल एक मोजमाप. चांगलं केंद्र पिशवीबरोबर एक कागद देतं: किती मिलिज्यूल (ऊर्जा), किती टक्के घनता (त्वचेच्या किती भागावर छिद्रं), किती पास (एका जागेवरून लेझर किती वेळा फिरवला), आणि रात्री लागला तर उचलला जाणारा फोन नंबर. सावळ्या त्वचेत डागाचा धोका ठरवण्यात घनतेचा वाटा मोठा असतो, म्हणून हा आकडा पुढच्या वेळेसाठी जपून ठेवायचा. तिसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी आणि महिन्याने तपासणी बिलातच धरलेली असावी. दोन सेशनमध्ये सहा ते आठ आठवडे अंतर. आधीच्या सेशनचा करडेपणा चेहऱ्यावर दिसत असताना पुढची तारीख दिली जात असेल, तर ती घेऊ नये.